बास ड्रममधली चादर

पत्र साडेपाच पानांचं होतं. त्यातलं कामापुरतं इथं ठेवतो. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"काका, मी सोलापूरचा, वय २८. पूर्व भागात घर, घरी तेलुगू. आजोबांपासून माग. वडिलांचे आता टॉवेलचे चार यंत्रमाग उरलेत. मी बी. कॉम. झालो. कॉलेजच्या गॅदरिंगला ड्रमवर बसलो तो उठलोच नाही. सहा वर्षांपूर्वी एका मित्रानं पेनड्राइव्हवर जॅझ दिलं, तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. घरी १४ मुलांना ड्रम शिकवतो, दोन शाळांत आठवड्यातून एकेक दिवस जातो, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम, वाजवतो. जॅझवर मराठीत लिहितो, गेल्या वर्षी चार लेख छापून आले. पुण्यातल्या काही लोकांबरोबर वर्षभरात दोनदा खरं जॅझ वाजवलं, त्या दोन रात्री अजून उतरल्या नाहीत. वडील म्हणतात, 'काय डबडी बडवलालास बे दिवसभर?' भाऊजींच्या कापडदुकानात हिशेबाची जागा आहे, पगार २२ हजार. स्थळं येतात आणि 'मुलगा काय करतो' इथं अडतात. मुंबईला जाऊ का? की शिकवणं-लिहिणं सोडून नुसतं वाजवू? की ड्रम विकून दुकानात बसू? तीन दगडांवर पाय ठेवून उभा आहे असं वाटतं. सोबत माझा एक लेख जोडलाय. तो वाचून मी लेखक आहे का, तेही सांगा."

मित्रा,

काका म्हटलंयस म्हणून अरेतुरे करतो. लेखाबद्दल शेवटाकडे बोलू, कारण त्यावर मला तुझ्याशी भांडायचंय. आधी हिशेब. मी बत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढली आणि संध्याकाळी तबला शिकवला. समोरच्यानं स्वप्न सांगायला सुरुवात केली की माझी नजर आधी त्याच्या जमाखर्चाकडे जाते. या खोडीवर इलाज नाही.

पत्राच्या शेवटच्या पानावर आकडे दिलेस हे फार बरं केलंस. कलावंत मंडळी मला दुःख सविस्तर कळवतात, रक्कम कुणी कळवत नाही. तर १४ मुलं, फी १,२०० रुपये, महिना १६,८००. मे महिन्यात सगळी पोरं आजोळी, म्हणून अकराच महिने धरू: १,८४,८००. दोन शाळांचे मिळून महिना ८,०००, दहा महिने: ८०,०००. ऑर्केस्ट्राच्या ३५ रात्री, १,८०० प्रमाणे ६३,०००. चार लेखांचे मिळून ३,५००. बेरीज ३,३१,३००. भाऊजींचे २२ हजार बारा महिने मोजले तर २,६४,०००.

म्हणजे डबडी बडवून तू दुकानापेक्षा वर्षाला ६७,३०० रुपये जास्त आणतोस. ही बेरीज तू स्वतः कधी केली नाहीस याची मला खात्री आहे, नाहीतर पत्राचा सूर वेगळा असता.

घरात हे कुणाला माहीत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. पगार एक तारखेला एकरकमी येतो, दिसतो. तुझे पैसे वळवाच्या पावसासारखे येतात. आज एका पालकानं बाराशे दिले, परवा ऑर्केस्ट्रावाल्यानं नऊशे दिले आणि उरलेले पुढच्या लग्नात देतो म्हणाला. त्यातले काही खिशात, काही स्टिकांच्या जोडीत, काही चहात. एक वेगळं खातं काढ. येणारा प्रत्येक रुपया तिथं जाऊ दे आणि दर पाच तारखेला ठरलेली रक्कम आईच्या खात्यावर. बारा हजार म्हण, पण बाराही महिने. मे महिन्यातही. तेवढ्यासाठी डिसेंबर ते फेब्रुवारीच्या ऑर्केस्ट्राच्या पैशांना हात लावायचा नाही. वडिलांना जॅझ समजावून सांगायच्या भानगडीत पडू नकोस, पासबुक दाखव. चार मागांवर प्रपंच केलेल्या माणसाला पासबुक बरोबर वाचता येतं.

आता वहीचं दुसरं पान. हे वाचताना खुर्चीत नीट बस.

१४ मुलं, प्रत्येकी आठवड्याला दोन तास, एकेकटी: २८ तास. शाळांचे आठ. झाले ३६. लग्नसराईत त्यावर रात्री. घरचा रियाज 'जमेल तसा, रोज तास-दीड तास'. लिहिणं रविवारी. आणि दुसऱ्या जिवंत माणसांबरोबर जॅझ? वर्षातून दोन रात्री.

तुझ्या पत्रात तू स्वतःला सात ठिकाणी जॅझ ड्रमर म्हणवून घेतलंयस. मी मोजलं. मला विचारशील तर तू चांगला शिक्षक दिसतोस, चौदातली नऊ पोरं तीन वर्षांपेक्षा जास्त टिकलीत, हे सोपं नाही. ऑक्टोपॅडवरचा भरवशाचा माणूस आहेस, नाहीतर ३५ रात्री कुणी बोलावलं नसतं. जॅझ ड्रमर तू वर्षातून दोन रात्री असतोस.

तीन दगड म्हणतोस ना, त्यातल्या दोन दगडांवर तू ऐसपैस उभा आहेस. तिसऱ्यावर नुसता अंगठा टेकवलायस, आणि तोल जातोय तो त्यामुळे. मुंबईला जाऊ का हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

हे मी काठावरून सांगत नाही. विशारद झाल्यावर मी बरीच वर्षं साथ केली. भजनी मंडळं, सुगम संगीत, कधी एखादा शास्त्रीय गवई सोलापुरात आला आणि त्याचा तबलजी गाडीत अडकला तर ऐनवेळी मी. मग शिकवण्या वाढल्या. साथीला अख्खी रात्र जायची आणि हातावर शंभर-दीडशे टेकवले जायचे, शिकवणीत तेवढे दोन तासांत मिळायचे. हिशेबी माणूस, मी साथ कमी करत करत बंद केली. सहा वर्षांनी एक मुलगा रेला वाजवत होता, मी ओरडलो, "लय टिकव, सांडतोयस!" आणि दाखवायला म्हणून तबला पुढं ओढला. दुसऱ्या आवर्तनात मनगट भरून आलं, तिसऱ्यात बोट मागं राहिलं. मुलगा सभ्य होता. तो माझ्याकडे न बघता डग्ग्याच्या शाईकडे बघत बसला. सहा वर्षं मी मुलांना आठवणीतलं शिकवत होतो. हातातलं केव्हाच गेलं होतं, आणि गेलं त्या दिवशी मला काहीही जाणवलं नव्हतं.

वाजवणं, शिकवणं आणि लिहिणं ही तीन वेगळी करिअरं आहेत आणि त्यातलं एक निवडायचंय, ही तुझी समजूत मात्र काढून टाक. जॅझच्या ड्रमरांनी हे तिन्ही एकत्रच केलंय. केनी क्लार्कचं नाव तू लेखात घेतलंयस. १९४० च्या सुमारास त्यानं तालाचा मुख्य धागा पायातल्या बास ड्रमवरून उचलून डोक्याशेजारच्या राइड झांजेवर नेला आणि बास ड्रम अवचित ठोके द्यायला मोकळा केला. आज तू जे वाजवायला धडपडतोस ते सगळं तिथून सुरू होतं. पण १९५६ मध्ये पॅरिसला गेल्यावर त्यानं दान्ते अगोस्तिनीबरोबर ड्रमची शाळा चालवली, हे तू लिहिलेलं नाहीस. जो मोरेलो घे. 'टेक फाइव्ह'मधल्या पाच मात्रांवर त्याचा सोलो तू पाठ केलायस म्हणतोस. पियानोवाल्या डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीतला हा माणूस, १९५८ मध्ये ही मंडळी मुंबईतही वाजवून गेली. त्याची दृष्टी लहानपणापासून अधू. १९६७ च्या अखेरीला चौकडी मोडली, त्यानंतरचं त्याचं आयुष्य मुख्यतः शिकवण्यात गेलं, आणि रियाजाची पुस्तकंही त्यानं लिहिली. हा मोरेलो ज्या जॉर्ज लॉरेन्स स्टोनकडे शिकला, त्याच्या १९३५ च्या पुस्तकावर तुझी पोरं अजून हात घासतात. मोरेलोनं गुरूच्याच धड्यांत स्वतःचे जोरकस ठोके घालून वाजवून दाखवले, त्यातून गुरूला दुसरं पुस्तक सुचलं आणि ते त्यानं शिष्याला अर्पण केलं. वाजवण्यातून शिकवणं, त्यातून पुस्तक, पुस्तकातून पुन्हा वाजवणं.

आपल्याकडेही काही वेगळं नव्हतं. चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रंपेटवाला रात्री ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवायचा आणि सिनेमासंगीतात आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करायचा. १९५१ च्या 'अलबेला'त जो झगमगाट ऐकू येतो त्यात हा हात आहे. नुसत्या जॅझवर घर चालवणारे तेव्हाही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, आणि अमेरिकेतही त्यांची रांग लागलेली नव्हती. त्यामुळे ऑक्टोपॅडची लाज सोड. पत्रात ते वाक्य तू कंसात लिहिलंयस, माझ्या लक्षात आलंय.

सगळ्यात जास्त मला तुझ्याबाबतीत अॅलन डॉसन आठवतो. न्यूयॉर्कला न जाता बॉस्टनमध्येच राहिलेला ड्रमर. बर्कली संगीत महाविद्यालयात त्यानं १९५७ ते १९७५ शिकवलं. पोरवयात त्याच्याकडे शिकलेला टोनी विल्यम्स १७ व्या वर्षी, १९६३ मध्ये, ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये बसला. आता कुणी म्हणेल, बॉस्टन म्हणजे सोलापूर नव्हे. नाहीच. तिथं महाविद्यालय होतं, बाहेरून येणारे दिग्गज साथीला ड्रमर शोधत असायचे. पण डॉसन शिकवत असताना वाजवत राहिला, १९६८ पासून काही वर्षं ब्रुबेकबरोबरही, हा मुद्दा आहे. आणि त्याची शिकवायची एक रीत तू उद्यापासून उचलावीस अशी आहे. तो विद्यार्थ्याला हातापायांचा धडा वाजवत असताना गाण्याची चाल तोंडानं म्हणायला लावायचा. त्यामुळे बत्तीस बारांत (एक बार म्हणजे बहुधा चार मात्रा) आपण कुठं आहोत ते ड्रमरला मोजावं लागत नाही, गाणंच सांगतं. आपल्याकडे पोरगं आधी 'धा तिरकिट' तोंडानं म्हणतं आणि मग त्याचा हात तबल्यावर पडतो, त्याचीच ही चुलतबहीण. तुझ्या मुलांना इंग्रजी आकडे मोजायला लावतोस त्याऐवजी बोल म्हणायला लाव. स्नेअरला, म्हणजे पुढ्यातल्या साइड ड्रमला एक, बास ड्रमला एक, झांजेला एक. कोणते, ते त्यांनाच ठरवू दे. परीक्षेच्या ग्रेड चालू ठेव, पालकांना सर्टिफिकेट भिंतीवर लागतं आणि त्यावर तुझी फी टिकते.

मग वेळ कुठून काढायचा? मुलांचा एक तास एकट्याचा ठेव, दुसरा तीन-चार जणांचा मिळून. एक ड्रमवर, बाकीचे प्रॅक्टिस पॅडवर, पाळीपाळीनं. २८ तासांचे १८ होतात. फी तीच ठेव. पालक कुरकुरतील, त्यांना सांग की दुसऱ्याचं ऐकत वाजवणं हाही अभ्यासच आहे. थाप नाही ही. ते दहा तास कुणालाही देऊ नकोस, रियाजालासुद्धा नाही. ते दहा तास माणसांबरोबर वाजवायचं.

माणसं कुठली, असं तू म्हणणार. तुझ्या ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला डाव्या हातानं बास धरू शकतो का बघ. बहुतेकांना येतं, बासवाल्याचे पैसे वाचवायला मालकानंच शिकवलेलं असतं. एखाद्या चर्चमध्ये रविवारी गिटार वाजवणारा पोरगा सापडेल, त्याला आपल्या फिल्मी मंडळींपेक्षा कॉर्डची ओळख जास्त असते. तिघं झालात. मंगळवार-बुधवारी लग्नं कमी, त्या संध्याकाळी बसा. एकच ब्लूज, म्हणजे बारा बारांचा साचा (बारा मात्रांचा नव्हे), सहा महिने घासा. सुरुवातीला भयानक वाजेल. रेकॉर्डवर वाजवताना तुला जे सोपं वाटतं ते इथं कोसळेल, कारण रेकॉर्डमधला बासवाला तुझ्यासाठी थांबत नाही, चुकत नाही आणि तुझ्याकडे बघून हसतही नाही.

महिन्यातून एकदा बाहेर. सकाळची हुतात्मा पकडलीस तर दुपारच्या आत पुण्यात. आणि तुझ्या डोक्यात न आलेली गोष्ट: हैदराबाद. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या आसपास, फरक म्हणजे एका चहाचा. सगळे सोलापूरकर डोळे झाकून पश्चिमेकडे तोंड करतात. तुझ्या तर घरात तेलुगू. तिथं पाहुणे असतील, झोपायची सोय होईल. मुंबईच्या आणि तिथल्या जॅझमध्ये काय फरक आहे ते मला सांगता येणार नाही, पण स्टेशनावर उतरल्यावर ज्याला भाषा येते त्याचा ड्रमसेट लवकर लागतो.

मुंबईला जा म्हणत नाही, जाऊ नको म्हणत नाही. वर्षभर हे करून तुझ्या वहीत दोनच्या जागी चाळीस रात्री झाल्या, आणि मुंबईतलं कुणी तुला नावानं बोलवायला लागलं, तर सिद्धेश्वर एक्स्प्रेस रोज रात्री सुटते. आज गेलास तर तिथं खोलीभाड्यासाठी पुन्हा मुलांच्या शिकवण्याच करशील, फक्त इथली चौदा मुलं सोडून.

आता लेख.

शीर्षक 'मागाच्या तालात जॅझ'. पहिल्या परिच्छेदात पहाटे जाग येते, शेजारच्या शेडमधून माग ऐकू येतात आणि तुला त्यात जॅझचा स्विंग सापडतो. वाक्यं गोड आहेत. संपादकाला आवडली असणार, बाहेरगावच्या माणसाला सोलापूर म्हटलं की माग आणि चादर एवढंच हवं असतं. पण अरे, माग स्विंग करत नाही! तू मागवाल्याचा मुलगा. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, दोन्ही वेळा सारखाच काळ. खट् खट् खट् खट्. स्विंगमध्ये एका ठोक्याचे दोन तुकडे होतात आणि ते मुद्दाम असमान ठेवतात. पहिला लांब, दुसरा आखूड. ठोक्याचे तीन भाग केले तर साधारण दोन भाग पहिल्याला, एक दुसऱ्याला. संथ चालीत हा झोल जास्त, लय चढली की कमी कमी होत शेवटी जवळजवळ सरळ. 'डिंग, डिंग-ग-डिंग' मधला तो 'ग' नेमका कुठं पडतो यावरून ऐकणारा ड्रमर ओळखतो. तुझ्या वडिलांच्या चारपैकी एक माग उद्या असा डुलत चालायला लागला तर ते मशीन बंद करून जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, फोन करतील.

ही खरी गंमत होती, आणि ती तुझ्याकडेच होती. घरात दिवसभर सरळ ठोका ऐकत वाढलेला मुलगा वाकडा ठोका शिकायला बसतो तेव्हा काय होतं? पहिल्या वर्षी तुझा 'ग' कुठं पडायचा? हात सरळ व्हायचा का? की उलट, एवढा पक्का सरळ ठोका कानात असल्यानं वाकडं करणं सोपं गेलं? हे जगात फार थोडे लोक लिहू शकतील. ते टाकून तू पहाटेचं धुकं लिहिलंस. शिवाय पुढच्या तीन पानांत 'अद्भुत' अकरा वेळा आणि 'स्वर्गीय' चार वेळा. अद्भुत वाटलं म्हणजे काय झालं ते सांग ना. कुठल्या हातानं, कितव्या मात्रेला?

तरी एक जागा आहे. शेवटून दुसऱ्या पानावर, ब्रशबद्दल. तारांचे ब्रश मिळेपर्यंत चादरींच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर केरसुणीच्या काड्या बांधून तू डावा हात गोल फिरवत बसायचास, आणि आजी म्हणायची, पोरगं पीठ चाळतंय. सहा ओळी. तिथं मला आवाज ऐकू आला. त्या सहा ओळी लिहिणारा लेखक आहे. बाकीची पानं लिहिणारा कोण ते मला माहीत नाही, त्याला सुट्टी दे.

आर्ट टेलर नावाचा ड्रमर होता. १९५९ मध्ये सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेननं 'जायंट स्टेप्स' हा अल्बम रेकॉर्ड केला तेव्हा ड्रमवर हा. पुढं युरोपात राहत असताना त्यानं आपल्याच व्यवसायातल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या. माइल्स डेव्हिस, डिझी गिलेस्पी, मॅक्स रोच, नीना सिमोन. १९७७ मध्ये त्यांचं पुस्तक स्वतः छापलं. वार्ताहराला जे सांगितलं नसतं ते ही माणसं त्याच्याशी बोलली, कारण समोरचा त्यांच्याबरोबर रात्ररात्र वाजवलेला. तू हे कर. सोलापुरातल्या बँड कंपन्यांत साइड ड्रम वाजवणारे म्हातारे आहेत. त्यांच्याकडे जा, वही घेऊन. तुझा ड्रमसेट त्यांच्याच घराण्यातला आहे. मोठा ढोल, साइड ड्रम आणि झांजा ही वरातीतल्या तीन माणसांची कामं एकाच बसलेल्या माणसाकडे आली ती पायाच्या पेडलमुळे. १९०९ च्या सुमारास अमेरिकेतल्या लुडविग कंपनीनं चांगला चालणारा पेडल बाजारात आणला आणि दोघांचा रोजगार गेला. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांपुढं हलगी कडाडते, त्या वाजवणाऱ्यांना विचार, दोन हातांत काम कसं वाटून घेतात. ऑक्टोपॅडवर बसणाऱ्या तुझ्याच जोडीदारांना विचार. 'अद्भुत' हा शब्द तुला लागणारच नाही.

आणि मराठीत ड्रमचं प्राथमिक पुस्तक. तुझ्या मुलांनी ठरवलेल्या बोलांसकट, चाळीस पानांचं. घाई नाही, दोन वर्षं वर्गात वापरून मग. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे फुकट मिळतो, आणि कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुझाच असतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नकोस. मोठ्या प्रकाशकाची वाटही बघू नकोस.

थोड्या किरकोळ गोष्टी. लग्नाचं: 'ड्रम वाजवतो' असं सांगू नका, 'संगीत शिक्षक आहे, दोन शाळांत जातो, वर्षाला सव्वातीन लाख' असं सांगा. खोटं काही नाही त्यात. पण मुलीला भेटशील तेव्हा चाळीस रात्रींचं आधी सांग. नंतर कळलं तर ती वडिलांच्या बाजूनं होईल.

कान. ही किरकोळ नाही खरं तर. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसवतो असं धरतात, आणि दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. बंद खोलीत मुलगा क्रॅश झांज हाणत असतो तेव्हा तू कुठं पोचतोस याचा हिशेब कर, आठवड्याला ३६ तास. कानात बोळे घालून शिकव, मुलांनाही घालायला लाव. वडील टीव्ही मोठ्यानं लावतात आणि मी बोललेलं त्यांना ऐकूच येत नाही, असं तू चिडून लिहिलंयस. चाळीस वर्षं शेडमध्ये काढलीत त्यांनी. त्यांना ऐकू येत नसेल, खरोखरच. एकदा कानाच्या डॉक्टरकडे दोघंही जा, दोघांची तपासणी कर. त्या दिवशी जॅझचा विषय काढू नकोस.

राहता राहिला ड्रमसेट. २२ इंची बास ड्रम, आत सोलापुरी चादर कोंबलेली, 'घुमू नये म्हणून'. ऑर्केस्ट्राला आणि रॉकला ते ठीक, तिथं धप् असा कोरडा ठोका लागतो. जॅझवाले बहुतेक १८ इंची लहान ड्रम घेतात, चामडी ताणून वर सुरात लावतात आणि आत काही न घालता घुमू देतात, कारण त्यांचा पाय बऱ्याचदा नुसता कुजबुजत असतो. नवा ड्रम आत्ता घेऊ नकोस, पैसे पाच तारखेला आईकडे जायचेत. आहे त्यातली चादर मंगळवारी-बुधवारी काढ, पुढची चामडी थोडी ताण आणि पाय हलका कर. पहिला आठवडा सगळीकडे घूं घूं होईल, शेजारी येतील. गुरुवारी शाळेची पोरं येतात तेव्हा हवी तर परत घाल.

वहीची दोन पानं सुरू कर, डावीकडे रुपये, उजवीकडे रात्री. गड्ड्याची जत्रा संपली की फोटो काढून पाठव. बेरीज मी तपासतो.